खात्यात चौदा, फळीवर शून्य

पितृपक्षातली मंदीची दुपार. मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात मी महिन्याचा हिशोब बघत बसले होते. अशा दिवसांत गिऱ्हाईक दिसलं की शेठ स्वतः उठून उभे राहतात. समोर नेहमीचे कंत्राटदार आले. "शेठ, दीडची काळी, दहा बंडलं. टेम्पो थेट गोदामावर पाठवतो." दीडची म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, घरातल्या दिव्या-पंख्यांना जाते ती वायर. एका बंडलात ९० मीटर. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरवर आकडा बघितला, "चौदा आहेत" म्हणाला आणि बिल केलं. दीड-दोन तासांनी भिवंडीहून मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमचे गोदाम सांभाळणारे, वीसेक वर्षं तिथेच आहेत. "दीडची काळी कुठून देऊ? ती तर गणपतीच्या आधीच संपली. लाल आहे, हिरवी आहे. काळीचा खण मी झाडून ठेवलाय."

कंत्राटदाराने माल शेजारच्या दुकानातून उचलला. शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ती चौदा बंडलं मीच खाल्ली होती.

छोट्या व्यापाऱ्यांच्या स्टॉकची पुस्तकं बघणं हा माझा धंदा आहे, आणि हा प्रसंग माझ्यासाठी नवा नाही. वायरच्या जागी कापडाचे तागे असतात, औषधाच्या स्ट्रिपा असतात, बेअरिंग असतात. दुकानदार दर वेळी एकच प्रश्न विचारतो: एवढं सॉफ्टवेअर घेतलं, तरी आकडा चुकतोच कसा?

तर आधी हे बघू की तो आकडा येतो कुठून. सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक. चौथीतल्या पोराला येईल असं गणित. पण यात एक मेख आहे. कॉम्प्युटरने माल कधीच बघितलेला नसतो. त्याने बघितलेले असतात फक्त कागद: खरेदीचं बिल, विक्रीचं बिल, चलन म्हणजे मालासोबत जाणारी पावती. पडद्यावर दिसणारी शिल्लक मोजलेली नसते, कागदांच्या बेरीज-वजाबाकीतून काढलेली असते. माल हलला आणि कागद हलला नाही, किंवा कागद हलला आणि माल जागेवरच राहिला, किंवा दोन्ही हलले पण वेगवेगळ्या दिवशी किंवा वेगवेगळ्या नावाने, की आकडा आणि माल यांची फारकत झाली. आणि एकदा फारकत झाली की ती आपोआप मिटत नाही.

बँकेच्या बाबतीत असं सहसा होत नाही, कारण तिथे पासबुक असतं. आपण काहीही लिहिलं तरी पलीकडून बँक आपला आकडा सांगते आणि महिन्याला दोन्ही जुळवून बघता येतात. मालाला पासबुक नसतं. खणात किती उरलंय हे सांगणारं पलीकडे कोणी नसतं. आपणच उठून बघावं लागतं.

आता त्या चौदाकडे परत येऊ, कारण त्या आकड्यात एक वाईट खोड आहे. दुकानाचा नियम असा की काळीची शिल्लक दहाच्या खाली गेली की कंपनीला ऑर्डर टाकायची. प्रत्यक्षात शून्य, पण कॉम्प्युटर म्हणतो चौदा. म्हणून ऑर्डर जात नाही. ऑर्डर नाही म्हणून माल येत नाही. माल नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून चौदाचे तेरा होत नाहीत. तो चौदा तसाच बसून राहतो, पिंपळावरच्या मुंजासारखा. कोणी मोठं गिऱ्हाईक येऊन आपण तोंडावर पडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. मी त्याला भूत-शिल्लक म्हणते. उलटी चूक, म्हणजे खात्यात कमी आणि फळीवर जास्त, तशी परवडली. त्यात पैसा अडकतो, पण माल विकत राहतो आणि कधीतरी खातं शून्याखाली जाऊन बोंब मारतं.

भूत शोधायची एक सोपी युक्ती आहे. दर सोमवारी एकच यादी काढायची: ज्या वस्तू एरवी आठवड्याला विकल्या जातात, ज्यांची शिल्लक दिसतेय, पण गेल्या तीन आठवड्यांत ज्यांची एकही विक्री नाही. यादी दहा-बारा ओळींच्या वर सहसा जात नाही. त्या दहा-बारा खणांशी जाऊन उभं राहायचं. मंदी असेल तर माल दिसेल. नसेल तर भूत सापडलं.

मोठ्या कंपन्यांचं बरं असेल, असं कोणाला वाटत असेल तर एक आकडा सांगते. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीची ३७ दुकानं तपासली. जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी. २००८ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष होता की त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. त्यामुळे लोहार चाळीने फार लाजायचं कारण नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याची एक जास्तीची अडचण मात्र आहे. त्याचं दुकान आणि त्याचा माल वेगवेगळ्या गावी राहतात. लोहार चाळ, अब्दुल रहमान स्ट्रीट, काळबादेवी इथे गाळा म्हणजे पोटमाळ्यासकट एक खोली. साठा ठेवायला जागा नाही आणि असली तरी परवडत नाही. त्यात महापालिकेच्या हद्दीत माल आणला की जकात भरावी लागायची. म्हणून हद्दीबाहेर, भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, मानकोली अशा गावांत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं तिथेच राहिली, उलट वाढली. म्हणजे वही दक्षिण मुंबईत आणि माल चाळीस-पन्नास किलोमीटरवर. पूर्वी मेहताजी, म्हणजे दुकानाचे हिशोबनीस, मान वळवून खण बघायचे. आता मधे खाडी आहे, ट्रॅफिक आहे आणि मामांचा फोन आहे, जो गोदामाच्या पत्र्याखाली निम्म्या वेळा लागत नाही.

तर त्या चौदा बंडलांचं काय झालं? मी पुढच्या सोमवारी भिवंडीला गेले. शेठचा पहिला संशय हमालांवर होता. कोणाही शेठचा असतोच. मी म्हटलं, आधी कागद बघू, माणसं नंतर बघू. मार्चअखेरच्या मोजणीपासूनची सगळी चलनं घेऊन मी आणि मामा पत्र्याखाली बसलो.

सहा बंडलांचा छडा तासाभरात लागला. ऑगस्टमधल्या एका बिलावर 'दीडची लाल, ६' असं होतं. चलनाच्या मागे मामांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'काळी दिली'.

"मामा, हे काय?"

"अहो मॅडम, पार्टीचा माणूस इथे आला आणि म्हणाला लाल नको, काळी द्या. भाव एकच आहे. बिल तर झालेलं होतं. मग मी दिली."

मामांचं काहीच चुकलं नाही. गिऱ्हाईक खूश, पैसे बरोबर. पण पुस्तकात लाल सहाने घटली आणि काळी घटलीच नाही. प्रत्यक्षात उलट. म्हणजे एका घटनेने दोन खाती बिघडली, एक वर आणि एक खाली. आणि गंमत म्हणजे एकूण किमतीत फरक शून्य! मार्चअखेरीला सीए येऊन स्टॉकची एकूण किंमत बघतील, तर ती पैशापर्यंत जुळेल. माझ्या मते स्टॉकच्या हिशोबात सगळ्यात फसवं काही असेल तर ते हेच. किमतीत जुळणारा स्टॉक वस्तूंत जुळतोच असं नाही, आणि गिऱ्हाईक किंमत मागायला येत नाही, काळी वायर मागायला येतं.

चार बंडलं हातउसनी गेली होती. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. शेजारच्या दुकानात माल कमी पडला की पोरगा येऊन घेऊन जातो, दोन दिवसांनी परत देतो. त्यावर बाजार चालतो आणि मी ती बंद करा असं कधीच म्हणणार नाही. पण तिचा कागद म्हणजे गल्ल्याच्या ड्रॉवरमधली चिठ्ठी: '४ काळी, बाजूवाले'. तारीख नाही. चिठ्ठीवर चहाचा डाग पडलेला. इलाज असा की परत यायच्या बोलीवर माल गेला तरी चलन करायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये 'बाहेर दिलेला माल' नावाचं एक गोदाम उघडून शिल्लक तिकडे हलवायची. परत आला तर उलटी नोंद, नाही आला तर सरळ बिल.

दोन बंडलं गोदामातच होती! जुलैच्या पावसात पत्रा गळला, दोन खोकी भिजली. मामांनी ती बाजूला काढून कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली. माल आहे, पण नवा म्हणून विकता येणार नाही. ही तिसरी अवस्था बहुतेक पुस्तकांत नसतेच. पुस्तकाला आहे आणि नाही एवढंच कळतं. परत आलेला माल, तुटका माल, तपासून बघायचा माल, सेल्समनने नमुना म्हणून नेलेला माल, यांना वेगळी जागा आणि वेगळं नाव द्यायला हवं. कोपरा चालेल, पण त्या कोपऱ्यालाही पुस्तकात नाव हवं.

एक बंडल दुकानात सुटी वायर विकायला फोडलं होतं. इथे मला हसूच आलं, कारण त्याचा पुरावा कितीतरी दिवस पडद्यावर लाल अक्षरात ओरडत होता. 'सुटी वायर, दीड, काळी: वजा ६४ मीटर.' मीटरवर विकलेल्या वायरची बिलं झाली होती, पण एक बंडल कमी करून ९० मीटर वाढवायची नोंद कोणी केलीच नव्हती. शेठ म्हणाले, "ते वजा तर नेहमीच दिसतं, आम्ही लक्ष देत नाही." मी हात जोडले. शून्याच्या खाली माल असूच शकत नाही. उणे शिल्लक ही सगळ्या चुकांमधली एकमेव चूक आहे जी स्वतःहून येऊन सांगते, मी चुकलेय. ती दिसली की त्याच दिवशी कारण शोधायचं. बहुतेक वेळा तीन-चारच कारणं निघतात: खरेदीचं बिल अजून चढवलेलं नाही, वस्तू चुकीच्या नावाने विकली, माप बदललं, किंवा माल दुसऱ्या गोदामातून गेला.

सहा, चार, दोन आणि एक, तेरा झाले. चौदाव्याचा पत्ता लागला नाही.

इथे चोर नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चोऱ्या होत नाहीत असं मी म्हणत नाही, पुष्कळ होतात. पण ज्या गोदामात तेरा बंडलं कागदाच्या ढिलाईने गायब होतात, तिथे चौदावं चोरीला गेलं की नाही हे ठरवायचं कसं? चोर त्या गोंधळाच्या आड सुखाने राहतो. आधी कागद ओढून घट्ट करायचा, मग जो फरक उरतो त्याच्याकडे बोट दाखवायचं. उलट क्रमाने गेलं तर वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं दुखावतात आणि आकडा तसाच राहतो.

या बंडलांच्या कथेत न आलेल्या दोन चुका सांगायला हव्यात, कारण त्या रोज होतात.

पहिली मापाची. स्विच येतात खोक्यात, एका खोक्यात २० नग. बारा खोकी आली आणि नोंद करणाऱ्याने 'नग' हे माप तसंच ठेवून १२ लिहिलं. एका बोटाच्या चुकीने २२८ नग पुस्तकात आलेच नाहीत. वायरीत ९० मीटरचं बंडल आणि १८० मीटरचं बंडल यांचा असाच घोळ होतो. प्रत्येक वस्तूचं एकच मूळ माप ठरवायचं, शक्यतो लहानात लहान, आणि खोकी, पेटी, डझन हे सगळं सॉफ्टवेअरला त्या मापात बदलू द्यायचं. माणसाने मनातल्या मनात गुणाकार करायचा नाही.

दुसरी चूक वेळेची. भिवंडीहून संध्याकाळी टेम्पो निघाला. मामांनी जावक लिहिली. टेम्पो मानकोलीच्या नाक्यावर अडकला आणि दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. रात्री माल कुठे होता? गोदामाच्या पुस्तकात नाही, दुकानाच्या पुस्तकात नाही. एरवी चालतं, पण ती रात्र ३१ मार्चची असेल तर? एका ठिकाणी मी याच्या उलटही बघितलंय: दुकानाने आवक आधीच चढवली, गोदामाने जावक चढवली नाही, आणि वर्षअखेरीला तोच माल दोनदा मोजला गेला. यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. 'वाटेत' नावाचं तिसरं गोदाम उघडा. माल निघाला की भिवंडीतून 'वाटेत', पोचला आणि मोजून घेतला की 'वाटेत'मधून दुकानात. रात्री 'वाटेत' जे दिसेल ते टेम्पोत असलं पाहिजे. दोन दिवसांपेक्षा जुनं काही तिथे दिसलं तर ड्रायव्हरला फोन.

आता मोजणी. आपल्याकडे मोजणी म्हणजे ३१ मार्चचा सोहळा. दुकान बंद, सगळी माणसं भिवंडीला, सकाळी जोर, दुपारी वडापाव, आणि चारनंतर कोणाला सहा आणि नऊ यातला फरक दिसत नाही. त्यातून आकडे दुरुस्त होतात हे खरं. पण मार्चमध्ये सापडलेला फरक जूनचा होता की डिसेंबरचा, हे कोण सांगणार? आकडा सुधारतो, कारण तसंच राहतं, आणि एप्रिलपासून तेच भोक पुन्हा गळायला लागतं. मामांची पेन्सिलीची नोंद मला सापडली ती महिन्याभराचीच होती म्हणून. वर्षाने ते चलन फाईलच्या तळाशी गेलं असतं आणि मामाही विसरले असते.

म्हणून रोज थोडं मोजा. समजा १,२०० प्रकारच्या वस्तू आहेत. त्यातल्या १५० वस्तू अशा की विक्रीचा मोठा भाग त्यांच्यावरच चालतो. त्या महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षाला १,८०० मोजण्या. मधल्या ३५० वस्तू तीन महिन्यांनी एकदा, १,४०० मोजण्या. उरलेल्या ७०० वर्षातून एकदा. एकूण ३,९००. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोज तेरा वस्तू. पाऊण तासाचं काम, सकाळी पहिला टेम्पो लागायच्या आत. आणखी एक चलाखी: खण रिकामा होत आला की तेव्हाच मोजा. तीन बंडलं मोजायला पापणी लवायचा वेळ पुरतो, तीनशे मोजायला दोन माणसं लागतात आणि तरी चुकतात.

मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा सांगायचा नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. सांगितला तर माणूस मोजत नाही, आकडा जुळवतो. यात लबाडी नसते, डोळेच तसे असतात. ३८ असले पाहिजेत हे माहीत असेल तर ३७ वर थांबलेला माणूस मागे कुठेतरी एक असेलच असं धरून चालतो. माहीत नसेल तर तो ३७ लिहितो. फरक आला तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं आणि मगच पुस्तकाकडे बघायचं.

मोजणी चालू असताना त्या खणातून माल निघता कामा नये. आम्ही खणाला आडवी सुतळी बांधतो. सुतळी दिसली की हमाल थांबतात, सांगावं लागत नाही. मोजायचं पाच-पाचच्या रेघांनी, चार उभ्या आणि पाचवी आडवी. जाता जाता एक: धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची जुनी रीत आहे. आमचा एक नवा पोरगा 'लाभ' म्हणून पुढे 'एक' म्हणायचा. प्रत्येक थप्पीत एक नग कमी भरत होता, आणि आठवडाभर आम्ही भलत्यालाच दोष देत होतो.

फरक सापडला की लगेच आकडा बदलू नका. एक दिवस थांबा, चलनं बघा, लोकांना विचारा. मग दुरुस्तीची नोंद करा आणि तिच्यापुढे कारण लिहा: रंग बदलला, माप चुकलं, हातउसना, भिजला, परत आला पण नोंद नाही, कारण सापडलं नाही. सहा-सात कारणं पुरतात. जो मोजतो त्याने आकडा बदलायचा नाही आणि जो बदलतो त्याने मोजायचं नाही, एवढं छोट्या दुकानातही जमतं. तीन महिन्यांनी कारणांची बेरीज करा. आमच्या शेठकडे 'रंग बदलला' सगळ्यांत वर आला, तेव्हा आम्ही फक्त एक गोष्ट केली. गोदामावर रंग बदलला तर मामांनी माल द्यायच्या आधी दुकानाला व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, बिल बदलून आलं की मगच माल सोडायचा. मामा आठवडाभर कुरकुरले. मग सवय झाली.

पुस्तक किती बरोबर आहे हे सांगायला एक साधं माप आहे: शंभर वस्तू मोजल्या, त्यातल्या किती तंतोतंत जुळल्या? किमतीची टक्केवारी नको, वस्तूंची हवी. ९५ जुळल्या तर बरं वाटतं. पण एका कंत्राटदाराने दहा वस्तूंची यादी दिली आणि प्रत्येक वस्तू पुस्तकाप्रमाणे मिळायची शक्यता ९५ टक्के असेल, तर सगळ्या दहा मिळायची शक्यता साधारण ६० टक्केच उरते. ९९ टक्क्यांना ती ९० वर जाते. शेवटचे चार टक्के म्हणूनच महाग असतात आणि म्हणूनच मोलाचे.

बारकोड लावला की हे सगळं संपेल, असं सॉफ्टवेअर विकणारा सांगतो. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, रिग्लीच्या च्युइंगमच्या पाकिटावर. तेव्हापासून ते यंत्र एक काम उत्तम करतं: ही वस्तू कोणती, हे न चुकता सांगतं. आपल्या मालावर दिसणाऱ्या तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर यंत्र तो नाकारतं. पण किती, हे यंत्राला कळत नाही. पाच लाल आणि पाच काळी समोर असताना घाईत एकाच लालवर दहा वेळा बीप केलं, तर यंत्राला काहीच गैर वाटत नाही. मला विचाराल तर आधी खणांना पत्ते द्या, ब गल्ली, तिसरा रॅक, दुसरा खण, आणि आवक-जावकेची शिस्त बसवा. बारकोड त्यानंतर. बेशिस्त गोदामात बारकोड लावला की चुका फक्त वेगाने होतात.

सरकार, बँक आणि विमा कंपनी यांचं थोडक्यात सांगते, कारण हे विषय कंटाळवाणे असले तरी महागात पडतात. जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोप्या कराची योजना) नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक, हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, फुकट नमुना दिलेला माल आणि शेवटची शिल्लक लिहून ठेवायची असते. हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं. जीएसटी कायद्याच्या कलम १७ चं पाचवं पोटकलम. म्हणजे मार्चमध्ये गुपचूप 'ॲडजस्टमेंट' मारून फरक मिटवणं हा नुसता आळस नाही, त्यात कराचा प्रश्न आहे. आणि मालाचा हिशोबच देता आला नाही तर अधिकारी तो माल विकला असं धरून कर लावू शकतो. बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरची उचल, घेतलेल्याला स्टॉकचं विवरण द्यावं लागतं आणि त्यावरच किती पैसे उचलता येतील ते ठरतं. कंपनी असेल आणि बँकेची मर्यादा पाच कोटींच्या वर गेलेली असेल, तर तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला बहुतेक वेळा अहवालात लिहावं लागतं.

विम्याचं जरा सविस्तर. भिवंडीत गोदामाला आग लागल्याची बातमी नवी नाही. जळाल्यावर मोजायला माल नसतो, फक्त पुस्तक असतं, आणि तेही गोदामातच ठेवलं असेल तर तेही नसतं. शिवाय एक कोटीचा माल असताना विमा साठ लाखांचा काढला असेल, तर सरासरीच्या अटीप्रमाणे (विमा जेवढ्या प्रमाणात कमी, भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी) वीस लाखांच्या नुकसानीला बाराच लाख मिळतात. आपल्याकडे नेमका किती माल आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला विमा किती काढायचा हे तरी कसं कळणार?

त्या चौदाव्या बंडलाचं आम्ही आठवडाभर वाट बघून 'कारण सापडलं नाही' असं लिहिलं, क्रेडिट परत केलं आणि खातं शून्यावर आणलं. त्याच संध्याकाळी काळीची ऑर्डर गेली.

दिवाळीत वहीपूजनाच्या आधी गोदाम धुऊन काढतात. तेव्हा पोटमाळ्याची शिडी हलवली, तर तिच्या एका आखूड पायाखाली टेकू म्हणून सारलेलं एक खोकं निघालं. खोकं चेपलेलं, वायर शाबूत. ठेवलं कोणी, ते कोणी कबूल केलं नाही. मामांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, मिळाली. आता हिची आवक कशावर करू?"

कारणांच्या यादीत 'मोजणीत वाढ' असं एक कारण आम्ही ठेवलं होतं. तोवर ते कोणी वापरलं नव्हतं. मी कळवलं, त्यावर करा, आणि शिडीखाली वीट लावा.